गाडीचं गाऱ्हाणं : सबवूफर लावताय? आधी वायरीचं बोला

दसरा-दिवाळीला नव्या गाड्या घरी येतात आणि त्याच्या पुढच्या महिन्यात या सदराकडे येणारी पत्रं बहुतेक म्युझिक सिस्टीमची असतात. यंदा तर सबवूफरशिवाय, म्हणजे नुसत्या बेससाठीच्या मोठ्या स्पीकरशिवाय (आम्ही त्याला बूफर म्हणतो), दुसरा विषयच नाही, म्हणून हे सदर सगळं त्यालाच दिलंय. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी गाड्यांची वायरिंगची कामं करतो. तिथे रोज दिसतं ते असं की गिऱ्हाईक बूफर किती इंची आणि अँप (अँप्लिफायर) किती वॉटचा यावर अर्धा तास बोलतं, वायर कोणती आणि फ्यूज कुठे हे विचारतच नाही. आवाज बिघडतो तो तिथे, आणि गाड्या पेटतात त्याही तिथेच. त्यामुळे आजची उत्तरं फिरून फिरून वायरीवरच येतील.

प्रश्न : बारा इंची सबवूफर आणि वर ‘३००० वॉट’ लिहिलेला मोनो अँप ऑनलाइन घेतला. सोबत ८ गेजचं वायरिंग किट फुकट आलं. ओळखीच्या माणसाकडून बसवून घेतलं. आवाज वाढवला की बेसच्या ठोक्याला हेडलाइट मंदावतात आणि थोड्या वेळाने अँपचा लाल दिवा लागून सगळं बंद पडतं. अँप बदलू का?
— एक वाचक, कराड

उत्तर : अँप बदलू नका. आधी तो खरा किती वॉटचा आहे ते बघू. अँपच्या कडेला रंगीत फ्यूज खोचलेले दिसतील, त्यावरचे आकडे वाचा. समजा २०-२० चे दोन आहेत, म्हणजे अँप जास्तीत जास्त ४० अँपिअर घेणार. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १३.८ व्होल्ट असतात. ४० गुणिले १३.८ म्हणजे साडेपाचशे वॉट आत आले. क्लास डी जातीचा अँप असेल तर त्यातले ८० टक्के बाहेर पडतात, बाकीची उष्णता होते. म्हणजे हातात आले सव्वाचारशे-साडेचारशे वॉट. जुन्या पद्धतीचा क्लास एबी असेल तर तीनशेच्या आसपास. खरोखरचे ३००० वॉट हवे असतील तर पावणेतीनशे अँपिअर लागतील, आणि लहान गाडीचा अल्टरनेटर ७० ते ९० अँपिअरचा असतो. त्यातच हेडलाइट, एसीचा फॅन, काचा सगळं चालायचं. खोक्यावरचा मोठा आकडा विसरा, ‘आरएमएस’ (म्हणजे अँप सलग देऊ शकतो ते वॉट) समोर लिहिलेला आकडा तेवढा वाचा. तोही पटला नाही तर फ्यूजवरून वरचा हिशेब करा. साडेचारशे वॉट बारा इंची बूफरला भरपूर झाले, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

आता तुमचं ते फुकटचं किट. वायरीचं एक टोक कापा, आतली एक तार वेगळी काढा आणि ब्लेडच्या पात्याने हलकं खरवडा. वरचा तांबूस रंग निघून खाली चंदेरी दिसलं तर ती अॅल्युमिनियमची तार आहे, तांब्याचा नुसता मुलामा दिलेला. बाजारात तिला सीसीए म्हणतात. (उलटंही असतं: वरून चंदेरी आणि आत तांबूस. ती कल्हई केलेली तांब्याची तार, उत्तम.) सीसीए त्याच जाडीच्या तांब्यापेक्षा साधारण दीडपटीहून जास्त अडवते. शिवाय अशा किटमध्ये वरचं प्लास्टिक जाड आणि आतली तार बारीक असते, हातात धरून ‘आठ गेज’ वाटते एवढंच. गेजमध्ये आकडा जितका लहान तितकी वायर जाड. खरी ८ गेज म्हणजे साडेआठ स्क्वेअर एमएम, खरी ४ गेज म्हणजे २१.

बॅटरीपासून डिकीपर्यंत पाच मीटर वायर जाते. त्यातून ४० अँपिअर ओढले तर अस्सल ४ गेज तांब्यात ०.१७ व्होल्ट पडतात. ८ गेज सीसीएत, ती खरोखर ८ गेज असली तर, ०.६५ च्या वर जातात. सुटे जोड आणि कच्चा अर्थ (अर्थ म्हणजे मायनसची वायर बॉडीच्या पत्र्याला जोडतात तो जोड) धरला की एक-दीड व्होल्ट वाटेतच संपतात. अँपला ऐन ठोक्याला व्होल्टेज मिळत नाही, तो तापतो आणि स्वतःला वाचवायला बंद होतो. तो लाल दिवा त्याचाच. खात्री करायची असेल तर इंजिन चालू ठेवा, नेहमीच्या आवाजात गाणं लावा, मल्टिमीटर आधी बॅटरीच्या खुंट्यांवर आणि मग अँपच्या प्लस-मायनसवर लावा. दोन्ही आकड्यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर दोष वायरिंगचा.

हेडलाइट मंदावण्याचं कारण मात्र या वायरीत नाही, आणि इथे बरेच जण चुकीच्या जागी पैसे घालतात. अँपने घेतलेला सगळा करंट परत जातो तो गाडीच्या बॉडीतून आणि शेवटी बॉडी ते बॅटरीच्या मायनसपर्यंतच्या एका पट्टीतून. ती पट्टी कंपनीने गाडीच्या मूळ गरजेपुरती दिलेली असते. जुन्या गाडीत तिच्या थिंबलला, म्हणजे टोकाच्या धातूच्या कड्याला, गंज चढतो, हिरवट-पांढरी भुकटी धरते. तिच्यात व्होल्ट पडले की बॉडीवर अर्थ घेणारं सगळंच मंदावतं. ती पट्टी २५ स्क्वेअर एमएमची नवी करून घ्या, खुंट्या घासून घ्या आणि बॅटरी तपासून घ्या. बॅटरीच थकलेली असेल तर बाकी काहीही करून उपयोग नाही.

वायर कुठून घ्यायची? कार ऑडिओच्या दुकानात ‘ओएफसी’ (ऑक्सिजन-फ्री कॉपर) लिहिलेली अस्सल तांब्याची मिळते, महाग असते. मी गिऱ्हाइकाला दुसरा पर्याय सांगतो तो वेल्डिंग केबलचा. हार्डवेअरच्या दुकानात २५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वेल्डिंग केबल मीटरवर मिळते. शेकडो बारीक तारांची, हवी तशी वळणारी, आणि ‘एचओएफआर’ प्रकारची घेतली तर तिचं रबर उष्णता आणि ऑइलला दाद देत नाही. फक्त वेल्डिंग केबल अॅल्युमिनियमचीही येते, म्हणून ब्लेड खिशात ठेवा.

प्रश्न : अँपवरच फ्यूज आहेत, मग बॅटरीजवळ आणखी एक कशाला? आमच्या इथला फिटर म्हणतो, गरज नाही, उगाच खर्च.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : त्या फिटरकडून काम करून घेऊ नका. इतकं स्पष्ट मी एरवी लिहीत नाही, पण इथे लिहितो.

अँपवरचा फ्यूज अँपला वाचवतो. बॅटरीजवळचा फ्यूज वायरीला वाचवतो, म्हणजे पर्यायाने गाडीला आणि आत बसलेल्यांना. बॅटरीपासून अँपपर्यंत पाच मीटरची जिवंत वायर बॉडीच्या पत्र्याला घासत जाते. वाटेत कुठेही तिचं कव्हर फाटलं आणि तांबं पत्र्याला लागलं तर करंट अँपपर्यंत पोचतच नाही, तिथूनच बॉडीत उतरतो. अँपवरच्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. गाडीची बॅटरी सेल मारताना शेकडो अँपिअर सहज देते, ते सगळे त्या एका जागी. वायर लाल होते, आणि ती असते गालिच्याखाली, फोमला लागून. गाडी बंद असली, चावी खिशात असली तरीही. कारण ही वायर चावीतून जात नाही, थेट बॅटरीवरून येते.

म्हणून फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून ४५ सेंटिमीटरच्या आत, जितका जवळ तितका चांगला. फ्यूजच्या अलीकडच्या, बॅटरीकडच्या तुकड्याला फ्यूजचं संरक्षण नसतं, त्यामुळे तो कमीत कमी ठेवायचा. आकडा असा ठरवा की अँपवरच्या फ्यूजांच्या बेरजेपेक्षा थोडा जास्त, पण वायर जेवढं झेलते त्यापेक्षा जास्त कधीच नाही. ४० अँपिअरच्या अँपला ५० चा, वायर ४ गेज. खरी ८ गेज असेल तर ५० च्या पुढे जाऊ नका. काचेच्या नळीचे फ्यूज घेऊ नका, त्यांच्या टोप्या सैल होऊन तापतात. पट्टीचा एएनएल किंवा मिनी-एएनएल घ्या, झाकणाच्या होल्डरमध्ये. आणि फ्यूज उडाला तर का उडाला ते शोधा. चांदीचा कागद गुंडाळून किंवा जाड तार घालून गाडी चालू करणाऱ्याला मी गाडी परत देत नाही, आधी वायर तपासतो.

आता वायर नेमकी कुठे फाटते तेही सांगतो. माझ्याकडे एक गाडी अँप अधूनमधून बंद पडतो म्हणून आली. डॅशबोर्डखाली हात घातला तर इंजिनच्या खोलीतून आत येणारी वायर फायरवॉलला (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याला) होल मारून तशीच ओढलेली, ग्रोमेट (होलाच्या कडेला बसणारं रबरी कडं) नाही. ड्रिलने मारलेल्या होलाची कड पात्यासारखी असते. इंजिनच्या थरथरीने त्या कडेने लाल कव्हर अर्धगोल कापलं होतं, आत तांबं चमकत होतं आणि तांबं नि पत्रा यांच्यात नखाइतकी जागा उरली होती. फ्यूज नव्हताच. एखादा मोठा खड्डा लागला असता तर काय झालं असतं ते लिहायला नको.

शक्यतो नवं होल मारूच नका. कंपनीचं वायरिंग ज्या रबरी ग्रोमेटमधून जातं त्याच्या बाजूला बहुतेक गाड्यांत जागा असते, तिथून वायर काढा. मारावंच लागलं तर कड घासा, गंज येऊ नये म्हणून रंग लावा, रबरी ग्रोमेट बसवा. इंजिनच्या बाजूला वायरीवर जाळीची नळी चढवा, सायलेन्सरकडच्या गरम भागापासून आणि पट्ट्यापासून लांब ठेवा, दर हातभर अंतरावर टाय बांधा. आत आल्यावर पेडल आणि स्टीअरिंगच्या दांड्याजवळून नेऊ नका. दरवाज्याच्या उंबऱ्याखालची प्लास्टिकची पट्टी उचलली की खाली वायरीसाठी तयार नाली असते, तिथून थेट मागच्या सीटखाली.

आणि काम सुरू करण्याआधी बॅटरीचा मायनस काढा, सगळ्यात शेवटी लावा. प्लसला पाना लावलेला असताना तो बॉडीला टेकला तर काय होतं ते ज्याने पाहिलंय तो हे विसरत नाही.

प्रश्न : काका, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सेकंडहँड सबवूफर मिळतोय, त्याला दोन कॉइल आहेत, दोन्ही ४ ओहमच्या. माझा अँप २ चॅनलचा आहे, ब्रिज केला (दोन्ही चॅनल जोडून एकच बूफर चालवला) तर किमान ४ ओहम असं त्यावर लिहिलंय. जमेल ना?
— इचलकरंजी

उत्तर : नाही जमणार, बाळा, आणि घेण्याआधी विचारलंस हे बरं केलंस. दोन ४ ओहमच्या कॉइल समांतर जोडल्या की २ ओहम, एकामागून एक जोडल्या की ८. त्यातून ४ काही निघत नाही. २ ओहमला ब्रिज केलास तर अँपचे ट्रान्झिस्टर जातील. ८ ला लावलास तर चालेल, पण वॉट जवळजवळ निम्मे. एकच कॉइल जोडून दुसरी मोकळी सोडायचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नको. सगळी उष्णता एका कॉइलवर येते आणि बूफरची चाल बदलते. तुझ्या अँपला २ ओहमच्या दोन कॉइलवाला बूफर शोध आणि एकामागून एक जोड, बरोबर ४ होतील. नाहीतर एका कॉइलचा ४ ओहमचा घे.

सेकंडहँड घेताना मीटर घेऊन जा. ४ ओहमची चांगली कॉइल मीटरवर साधारण ३.२ ते ३.६ दाखवते, ते बरोबरच आहे. दोन कॉइलचे आकडे जवळजवळ सारखे हवेत. मग दोन्ही हातांची बोटं पसरून कोन, म्हणजे बूफरचा पुढचा हलणारा पडदा, हलकेच दाब. आत खरखर लागली तर कॉइल जळून फुगलेली आहे, पैसे देऊ नको. जोडताना एका कॉइलचे प्लस-मायनस उलटे झाले तर दोन्ही कॉइल एकमेकींशी भांडतात, कोन जागचा हलत नाही आणि कॉइल मात्र तापते. म्हणून बॉक्समध्ये बसवण्याआधी पेन्सिल सेल घे आणि एकेका कॉइलला क्षणभर टेकव. सेलचा प्लस कॉइलच्या प्लसला लागला की कोन बाहेर यायला हवा. दोन्हींना बाहेर आला तरच पुढचं काम.

प्रश्न : ४ चॅनलचा अँप बसवलाय, पुढचे दोन चॅनल दारातल्या स्पीकरला, मागचे दोन ब्रिज करून बूफरला. अॅक्सिलरेटर दिला की दारातल्या स्पीकरमधून ‘कुंईऽऽ’ असा बारीक आवाज येतो, इंजिन वाढेल तसा चढतो. बूफरमधून येत नाही. फिटरने फिल्टर लावायला सांगितलाय.
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : बूफरमधून येत नाही कारण बूफरचा लो पास फिल्टर वरचे सूर आधीच कापतो. आवाज अल्टरनेटरचाच आहे. पण फिल्टर हा शेवटचा उपाय, आणि तो वापरायची वेळ क्वचित येते. बहुतेकदा दोष अर्थमध्ये असतो.

आधी फुकटातली तपासणी करा. सिगारेट लायटरमध्ये खोचलेला मोबाइलचा चार्जर काढा, कितीतरी वेळा आवाज तिथेच संपतो. नाही संपला तर अँपला लावलेल्या आरसीए पिना (स्टिरिओतून सिग्नल आणणाऱ्या केबलच्या) काढा. आवाज थांबला तर तो सिग्नलमधून येतोय, चालूच राहिला तर पॉवर किंवा अर्थमधून. सिग्नलमधून येत असेल तर मोबाइल थेट अँपला आरसीए केबलने जोडा, मोबाइल चार्जिंगला न लावता. आता स्वच्छ वाजलं तर स्टिरिओचा अर्थ किंवा आरसीए केबल बघायची.

मग अँपचा अर्थ. ही वायर प्लसइतकीच जाड हवी आणि अर्ध्या मीटरच्या आत. ती कुठे लावलीय ते उघडून पाहा. मला बहुतेकदा दिसतं ते हे: रंगावरच स्क्रू आवळलेला, तोही पातळ पत्र्यात. रंग म्हणजे इन्सुलेशन. पॉलिश पेपरने रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठी जागा घासा, नुसता चकचकीत पत्रा दिसला पाहिजे. त्यावर थिंबल, दाते असलेला वॉशर, ८ एमएमचा बोल्ट आणि नट. आवळून झाल्यावर वरून रंग किंवा ग्रीस, नाहीतर एका पावसाळ्यात गंज धरेल. सीटबेल्टच्या बोल्टला अर्थ घेऊ नका, सोयीचा दिसतो म्हणून अनेक जण घेतात. तो बोल्ट अपघातात माणूस धरून ठेवायला आहे, त्याच्याखाली वॉशर-थिंबल घालून त्याची पकड कमी करायची नाही. थिंबल पकडीने चेपून टेप मारलेलं असेल तर कापून टाका आणि क्रिम्पिंगच्या हत्याराने नवं दाबून घ्या. ओढून निघालं नाही पाहिजे, वरून हीट श्रिंक (तापवल्यावर आवळून बसणारी नळी).

शेवटी वाट. प्लसची जाड वायर ज्या बाजूने आणलीय, आरसीए केबल त्याच्या दुसऱ्या बाजूने न्या. दोन्ही एकाच नालीतून बांधून नेल्या असतील तर त्या वेगळ्या करा. नव्या गाड्यांत बॅटरीच्या मायनसवर करंट मोजणारा सेन्सर असतो. म्हणून अँपचा मायनस थेट बॅटरीच्या खुंटीवर आणू नका, बॉडीवरच घ्या. नाहीतर गाडीच्या कंप्युटरचा हिशेब चुकतो.

प्रश्न : कपॅसिटर लावल्याने हेडलाइट मंदावणं थांबतं का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : नाही. एक फॅरडच्या कपॅसिटरमध्ये उपयोगी पडेल अशी ऊर्जा पाचशे वॉटच्या अँपला सेकंदाचा दहावा भागसुद्धा पुरत नाही, आणि नंतर तो भरायलाही बॅटरीकडूनच करंट लागतो. त्या पैशांत अर्थची पट्टी आणि चांगली बॅटरी येते.

प्रश्न : माझा बूफर २५० वॉट आरएमएसचा, अँप ३०० चा. वर्षात दोनदा कॉइल जळाली. दुकानदार म्हणतो बूफरच खराब. गेन निम्म्यावर आहे, बेस बूस्ट फुल्ल.
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : तुमच्या पत्रातल्या शेवटच्या तीन शब्दांत उत्तर आहे. गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. स्टिरिओमधून येणाऱ्या सिग्नलशी अँपचं माप जुळवायचं ते बटण. निम्म्यावर ठेवलं म्हणजे निम्मा आवाज असं काही नसतं. स्टिरिओचा सिग्नल जोरकस असेल तर निम्म्यावरही अँप केव्हाच शेंड्याला लागलेला असतो. वर बेस बूस्ट फुल्ल. अँप मग लाटेचे शेंडे सपाट कापतो. अशा पूर्ण कापलेल्या लाटेत ३०० वॉटचा अँप जवळजवळ ६०० वॉट कॉइलमध्ये ओततो. कॉइल जळणारच, ती तिसऱ्यांदाही जळेल.

गेन लावायला साधा मल्टिमीटर पुरतो. सूत्र असं: हवे असलेले वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. तुमचा बूफर २५० वॉट, ४ ओहम धरला तर १००० चं वर्गमूळ, म्हणजे ३१.६ व्होल्ट. बूफरची वायर अँपवरून काढा. स्टिरिओचा इक्वलायझर सपाट, बेस बूस्ट शून्य, गेन पूर्ण खाली. पेनड्राइव्हवर पूर्ण पातळीचा ५० हर्ट्झचा टोन घ्या. तो ५० हर्ट्झच का, तर साधे मीटर घरातली ५० हर्ट्झची वीज मोजायला बनवलेले असतात, तिथे त्यांचा आकडा खात्रीचा असतो. मोकळ्या जागेत इंजिन चालू करा, स्टिरिओचा आवाज पाऊण भागावर आणा, मीटर एसी व्होल्टवर ठेवून अँपच्या स्पीकर टर्मिनलला लावा. गेन सावकाश वाढवा, ३१ दिसले की थांबा. पेनने खूण करा आणि ते बटण पुन्हा हलवू नका. लो पास ८० हर्ट्झवर. बॉक्सला भोक, म्हणजे पोर्ट असेल तर सबसॉनिक फिल्टर २५ ते ३० वर नक्की लावा. पोर्टच्या बॉक्समध्ये त्याखालच्या सुरांना कोनला आधारच राहत नाही.

आवाज कमी वाटला तर फेजचं बटण ० आणि १८० दोन्हीकडे करून पाहा आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसून ऐका. जिकडे बेस भरीव लागतो तिकडे ठेवा. कितीतरी गाड्यांत हवा असलेला बेस एवढ्यानेच मिळतो.

प्रश्न : सीएनजीची वॅगनआर आहे, डिकीत सिलिंडर. गाडी वॉरंटीत आहे आणि कंपनीचा टचस्क्रीन बदलायचा नाही. बूफर बसेल का? सिलिंडरच्या स्टँडवर बॉक्स ठेवला तर?
— एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : सिलिंडरच्या स्टँडवर, पट्ट्यांवर, पाइपांवर काहीही ठेवू नका, बांधू नका, तिथे अर्थही घेऊ नका. दर तीन वर्षांनी तपासणीसाठी सिलिंडर काढावा लागतो, तेही लक्षात घ्या. तुमच्यासाठी सीटखाली बसणारा, अँप आतच असलेला आठ इंची चपटा बूफर योग्य. त्याला दीडशे वॉट आरएमएस पुरतात, १५ अँपिअरच्या आत काम होतं, खरी ८ गेज तांब्याची वायर आणि बॅटरीजवळ २० चा फ्यूज.

कंपनीच्या स्टिरिओला आरसीए नसतात म्हणून दारातल्या स्पीकरच्या वायरीवरून सिग्नल घ्यावा लागतो. बूफरला ‘हाय लेव्हल इनपुट’ आहे का बघून घ्या. तो असला की बहुतेकदा सिग्नल आला की आपोआप चालू होण्याची सोयही असते, रिमोटची निळी वायर (स्टिरिओ चालू झाला की अँपला चालू करणारी) शोधावी लागत नाही. वायर कापू देऊ नका. गाडीच्या सॉकेटला जुळणारा कपलर मिळतो, तो मध्ये लावला की उद्या काढता येतो आणि इलेक्ट्रिकल वॉरंटीवरून वाद होत नाही.

सीटखाली हात घालताना पिवळ्या रंगाचे कपलर किंवा पिवळी नळी दिसेल. ती एअरबॅगची, तिला हात लावायचा नाही. आणि बूफर फिरकीच्या स्क्रूने तळाच्या पत्र्याला आवळू देऊ नका. तुमच्या गाडीखालून पेट्रोलची, सीएनजीची आणि ब्रेकची नळी जाते. चांगली वेल्क्रो पट्टी आणि सीटच्या पट्टीला बांधलेला पट्टा पुरतो. हीच गोष्ट डिकीत होल मारणाऱ्या सर्वांसाठी: आधी गाडी रॅम्पवर घ्या, खालून बघा, मग ड्रिल हातात घ्या.

प्रश्न : एमडीएफचा बॉक्स दोन पावसाळ्यांत फुगला, सांध्यातून फुरफुर आवाज येतो. नवा कशाचा करावा? बूफर बारा इंची.
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : एमडीएफ आवाजाला चांगला, पण कोकणातल्या दमट हवेत त्याच्या कापलेल्या कडा पाणी पितात. तुमच्याकडे १८ एमएमचा मरीन प्लाय वापरा. एमडीएफच हवा असेल तर कडांना आतून-बाहेरून प्रायमरचे दोन हात द्या, मग रेक्झिन किंवा गालिचा चढवा. बंद बॉक्स करा. बारा इंचीला आतली जागा साधारण एक घनफूट, म्हणजे २८ लिटर. बूफरच्या कागदावर वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळा. बूफरचा मागचा भाग आत जेवढी जागा खातो तेवढी वर धरा. पोर्टचा केला तर पावणेदोन-दोन घनफूट लागतात, डिकीत सामानाला जागा राहत नाही.

सांधे फेव्हिकॉल आणि स्क्रूने, आतून सिलिकॉन. सिलिकॉन पूर्ण वाळायला एक दिवस द्या, ओलं असताना बूफर बसवला तर त्याच्या वाफेने कोनची कड खराब होऊ शकते. झाल्यावर ३०-४० हर्ट्झचा टोन मध्यम आवाजात लावा आणि पेटलेली उदबत्ती सांध्यांजवळून, टर्मिनलच्या वाटीजवळून, बूफरच्या कडेने हळूहळू फिरवा. धूर जिथे थरथरेल किंवा आत ओढला जाईल तिथे फट आहे. बॉक्स डिकीत मोकळा ठेवू नका, वीस-पंचवीस किलोचं वजन आहे, जोरात ब्रेक दाबला तर मागच्या सीटवर येतं. मागच्या सीटच्या आकड्याला पट्ट्याने घट्ट बांधा. एवढं करूनही डिकीतून खडखड आली तर नंबर प्लेट, पार्सल ट्रे आणि डिकीचं लॉक एकेक करून हाताने दाबून पाहा. हात लावल्यावर जे गप्प होतं तिथे फेल्टची टेप लावा.